सातबाऱ्याचा फेरफार असो की अडकलेले यूपीआयचे पैसे, यामागचं 'वर्कफ्लो' सॉफ्टवेअर बनवायला शिकतात कसं?

शेतजमीन घेतली. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत झालं, घरी पेढे वाटून झाले. पण दुसऱ्या दिवशी सातबारा काढून बघितला तर त्यावर अजून जुन्याच मालकाचं नाव असतं. कारण नाव बदलायला फेरफार मंजूर व्हावा लागतो आणि तो एका झटक्यात होत नाही.

खरेदीची माहिती आधी तलाठ्याकडे जाते, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ते फेरफार नोंदवहीत नोंद घेतात. संबंधितांना नोटीस जाते. हरकत घ्यायला १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. निकाल पटला नाही तर वर अपील आहेच.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० मध्ये ही सगळी पद्धत दिलेली आहे. म्हणजे कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही फेरफार याच वाटेने जात होता, फक्त रजिस्टर आणि टपालाने.

एखादं काम ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या माणसांच्या हातून, ठरलेल्या मुदतीत पुढे सरकतं, त्याला म्हणतात वर्कफ्लो. रजेचा अर्ज, बँकेचं कर्ज, विम्याचा क्लेम, ऑनलाइन मागवलेला शर्ट परत करणं, हे सगळे वर्कफ्लोच.

आयटीतल्या बऱ्याच डेव्हलपरना कधी ना कधी असं सॉफ्टवेअर बनवावं लागतं. कॉलेजात मात्र ते वेगळा विषय म्हणून क्वचितच शिकवलं जातं. मग ते शिकायचं कसं आणि त्यात नेमकं अवघड काय असतं?

फॉर्म आणि 'मंजूर' बटण, एवढंच तर आहे?

नवीन डेव्हलपरला पहिल्यांदा असंच वाटतं. एक फॉर्म, एक यादी, दोन बटणं. दोन दिवसांत डेमो तयार होतो, साहेब खूश होतात.

पण हा झाला सरळ रस्ता. अर्ज बरोबर आला, कुणी हरकत घेतली नाही, अधिकारी जागेवर होते, सर्व्हर चालू होता. प्रत्यक्षात काय होतं? अर्जदाराचा मृत्यू होतो. अधिकाऱ्याची बदली होते. कागद अपुरे म्हणून प्रकरण मागे जातं. पंधराव्या दिवशी संध्याकाळी हरकत येते. कुणीतरी 'सबमिट' दोनदा दाबतं.

साध्या ॲपमध्ये तुम्ही काहीतरी मागता आणि दोन सेकंदांत उत्तर येतं, विषय संपला. वर्कफ्लोत एक प्रकरण कित्येक दिवस, कधी कित्येक महिने जिवंत असतं. तेवढ्या काळात ते कुठपर्यंत आलंय, कुणाकडे आहे आणि पुढे काय व्हायचंय, हे सॉफ्टवेअरला लक्षात ठेवावं लागतं.

म्हणून या कामातली पहिली शिकवण अशी की सरळ रस्ता शेवटी बनवा. आधी फाटे शोधा.

पहिली पायरी : कागद, पेन आणि अवस्थांची यादी

कोड लिहिण्याआधी एक तक्ता काढायचा. त्यात चार रकाने. प्रकरण आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, कोण काय करू शकतं, ते कोणत्या अटीवर करता येतं आणि केल्यावर प्रकरण कोणत्या अवस्थेत जातं.

फेरफाराचं उदाहरण घेतलं तर अवस्था साधारण अशा होतील : नोंद घेतली, नोटीस बजावली, मुदत चालू, विवादग्रस्त, प्रमाणित, नामंजूर. याला सॉफ्टवेअरच्या भाषेत स्टेट मशीन म्हणतात.

इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. ते डेटाबेसमध्ये 'नोटीस पाठवली का', 'हरकत आली का', 'मंजूर का', 'नामंजूर का' असे हो-नाहीचे चार रकाने करतात. चार रकाने म्हणजे १६ वेगवेगळ्या जोड्या. त्यातल्या अर्थाच्या जेमतेम पाच-सहा. बाकीच्यांत एकच प्रकरण मंजूरही असतं आणि नामंजूरही. आज ना उद्या कुणाचं तरी प्रकरण अशाच एका जोडीत जाऊन बसतं, आणि मग ते कुठल्याच यादीत दिसत नाही.

त्याऐवजी 'अवस्था' नावाचा एकच रकाना ठेवायचा आणि तक्त्यात नसलेला बदल सॉफ्टवेअरने करूच द्यायचा नाही. एवढ्यानेच निम्मी डोकेदुखी कमी होते.

हा तक्ता ऑफिसात बसून बनत नाही. ज्याच्या टेबलावर ती कामं येतात, त्या माणसाजवळ अर्धा दिवस बसावं लागतं. नियम काय आहे हे साहेब सांगतात. नियमाबाहेरचं काय येतं हे मात्र क्लार्कच सांगू शकतो.

दुसरी पायरी : सगळ्यांना कळेल असं चित्र

तक्ता डेव्हलपरला कळतो, पण अधिकाऱ्याला किंवा बँक मॅनेजरला तो वाचायचा कंटाळा येतो. त्यासाठी चित्राची एक ठरलेली भाषा आहे, बीपीएमएन. तिची २.० ही आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला.

तिची मुळाक्षरं सोपी आहेत. गोल म्हणजे घटना, गोलाकार कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, शंकरपाळ्याचा आकार म्हणजे फाटा. आडव्या पट्ट्या म्हणजे कोणतं काम कुणाचं.

खरी गंमत शंकरपाळ्यात आहे. त्यात फुली असेल तर अनेक वाटांपैकी एकच वाट निवडली जाते. अधिकचं चिन्ह असेल तर सगळ्या वाटा एकाच वेळी चालू होतात.

समजा फाटा फुलीने फोडला, म्हणजे प्रकरण एकाच वाटेने गेलं. पण पुढे वाटा अधिकच्या चिन्हाने जोडल्या. ते चिन्ह सगळ्या वाटांवरून येणाऱ्यांची वाट बघतं. दुसऱ्या वाटेने कुणीच येणार नसतं. प्रकरण तिथेच कायमचं अडकतं, आणि स्क्रीनवर चूक म्हणून काहीच दिसत नाही.

याच्या उलट केलं तर? म्हणजे अधिकच्या चिन्हाने फोडलं आणि फुलीने जोडलं, तर पुढचं काम दोनदा होतं. ते काम पैसे पाठवण्याचं असेल तर पैसे दोनदा जातात.

असे दोष गणिताने शोधता येतात. त्याचा पाया कार्ल ॲडम पेट्री या जर्मन शास्त्रज्ञाने १९६२ च्या आपल्या पीएचडी प्रबंधात घातला. 'पेट्री नेट' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. पुढे विल व्हॅन डर आल्स्ट या डच संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या वर्कफ्लोंमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे २० नमुने गोळा करून २००३ मध्ये मांडले. हे नमुने एकदा वाचले की नव्या ऑफिसातली प्रक्रियासुद्धा ओळखीची वाटायला लागते.

तिसरी पायरी : पंधरा दिवस थांबायचं कसं?

प्रश्न साधा वाटतो. कोडमध्ये लिहायचं, '१५ दिवस थांब, मग पुढे जा'. पण नवव्या दिवशी सर्व्हर बंद करून चालू केला की त्याच्या मेमरीतलं थांबणं पुसलं जातं. प्रकरण ना पुढे जातं ना मागे.

म्हणून थांबायची वेळ डेटाबेसमध्ये लिहून ठेवावी लागते. 'अमुक तारखेला हे प्रकरण उघडून बघ'. सर्व्हर दहा वेळा पडला तरी उठल्यावर तो ती नोंद वाचतो आणि काम तिथूनच पुढे नेतो.

हे प्रत्येकाने हाताने लिहीत बसू नये म्हणून वर्कफ्लो इंजिन नावाचा प्रकार आला. यात साधारण दोन घराणी आहेत.

पहिलं घराणं चित्रवाल्यांचं. तुम्ही बीपीएमएनचं चित्र काढता आणि इंजिन तेच चित्र चालवतं. २०१० मध्ये ॲक्टिव्हिटी नावाचं ओपन सोर्स इंजिन आलं. त्यातून फुटून २०१३ मध्ये कॅमुंडा आणि २०१६ मध्ये फ्लोएबल निघालं. माणसांच्या मंजुऱ्या जास्त असतील तिथे हे घराणं सोयीचं पडतं.

दुसरं घराणं कोडवाल्यांचं. इथे वर्कफ्लो नेहमीच्या जावा, गो किंवा पायथनमध्ये लिहिला जातो आणि इंजिन त्याची प्रत्येक पायरी नोंदवून ठेवतं. टेम्पोरल हे यातलं गाजलेलं नाव. उबर कंपनीत कॅडन्स हे इंजिन बनवणाऱ्या मॅक्सिम फतीव आणि समर अब्बास यांनी २०१९ मध्ये टेम्पोरल सुरू केलं. सर्व्हर पडला तर हे इंजिन जुन्या नोंदी वाचत तोच कोड पुन्हा पहिल्यापासून चालवतं आणि जिथे थांबलं होतं तिथे पोचतं. म्हणूनच त्या कोडमध्ये सरळ घड्याळ बघणं किंवा मनाला येईल तो आकडा काढणं चालत नाही. दुसऱ्या वेळी उत्तर वेगळं आलं तर जुन्या नोंदींशी मेळच बसणार नाही.

चौथी पायरी : अर्ध्यात बिघडलं तर?

तुम्ही यूपीआयने मित्राला पैसे पाठवले. तुमच्या खात्यातून कापले गेले, त्याला मिळाले नाहीत. हा अनुभव अनेकांना आलेला असतो.

इथे दोन बँका आणि मधली यंत्रणा मिळून एक वर्कफ्लो चालवत असतात. पहिली पायरी झाली, दुसरी फसली. आता काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात ते ठरवून दिलं. यूपीआयच्या अशा फसलेल्या व्यवहारात व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत यायला हवेत. एटीएममधून नोटा न निघता पैसे कापले गेले तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई.

डेव्हलपरच्या नजरेने बघितलं तर त्या परिपत्रकात तीन गोष्टी आहेत. चूक ओळखण्याची अट, परतीची वाट आणि मुदत. चांगल्या वर्कफ्लोत प्रत्येक महत्त्वाच्या पायरीसाठी या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात.

परतीच्या वाटेचं तत्त्व आपल्याकडच्या हिशेबनिसांना आधीपासून माहीत आहे. चोपडीत चुकीची नोंद झाली तर ती खोडत नाहीत, तिची उलट नोंद करतात. १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम या दोघांनी 'सागा' नावाने हाच विचार डेटाबेससाठी मांडला. लांबलचक कामाचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासोबत तो उलटवणारा तुकडाही लिहून ठेवायचा.

दुसरं तत्त्व आहे, तेच काम दोनदा सांगितलं तरी परिणाम एकदाच व्हावा. लिफ्टचं बटण दहा वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते, तसं. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. नेटवर्क अर्ध्यात तुटलं की समोरच्याने काम केलं की नाही हे कळत नाही, म्हणून पुन्हा सांगावंच लागतं. प्रत्येक विनंतीला एक वेगळा क्रमांक दिला आणि तो क्रमांक आधी येऊन गेलाय का हे तपासलं, तर पैसे दोनदा जात नाहीत.

पाचवी पायरी : माणसं आणि बदलणारे नियम

काम माणसाच्या नावावर टाकायचं नाही, पदावर टाकायचं. नावावर टाकलं आणि त्या माणसाची बदली झाली की प्रकरणं रिकाम्या खुर्चीसमोर पडून राहतात. रजेवर असताना कुणाकडे जायचं, किती दिवस हलली नाहीत तर वरिष्ठांना कधी कळवायचं, हेही आधीच ठरवावं लागतं.

बँकांमध्ये 'मेकर-चेकर' ही पद्धत असते. ज्याने नोंद केली त्याने ती मंजूर करायची नाही. हा नियम फक्त स्क्रीनवरचं बटण लपवून पाळला जात नाही. तो सर्व्हरवर तपासावा लागतो.

आता कठीण प्रश्न. समजा उद्या हरकतीची मुदत १५ वरून ३० दिवस झाली. नवीन प्रकरणांना ३० दिवस, हे उघड आहे. पण जी प्रकरणं आज दहाव्या दिवसावर आहेत त्यांचं काय?

याचं उत्तर डेव्हलपरने मनाने ठरवायचं नसतं. ते नियम करणाऱ्याने द्यायचं असतं. डेव्हलपरचं काम एवढंच की कोणतं प्रकरण कोणत्या नियमाखाली सुरू झालं, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायची. ती नोंद नसेल तर उत्तर मिळूनही उपयोग होत नाही.

एक पायरी कमी केली की काय होतं?

इथपर्यंत वाचून वाटेल की हे सगळं तांत्रिक आहे. पण वर्कफ्लोतली एक पायरी काढल्याने लाखो लोकांचं काय होऊ शकतं, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात घडलं.

तिथे बेरोजगारांना आणि गरजूंना सरकार भत्ता देतं. भत्ता घेणाऱ्याने सांगितलेलं उत्पन्न आणि कर खात्याकडचं उत्पन्न यात फरक दिसला की आधी सरकारी कर्मचारी ते प्रकरण तपासत. गरज पडली तर मालकाकडून पगाराचे कागद मागवत. २०१५ पासून ही पद्धत बदलत गेली. तपासणीची पायरी बहुतांश काढली गेली आणि फरक दिसताच पत्र आपोआप जाऊ लागलं. कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी माणसावर आली. लोकांनी या योजनेला नाव दिलं 'रोबोडेट'.

त्यात हिशेबही चुकीचा होता. वर्षाचं उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखं वाटलं जायचं. एखाद्याने सहा महिने नोकरी केली आणि सहा महिने बेकार राहून भत्ता घेतला, तर या हिशेबाने तो बेकारीच्या काळातही कमावत होता असं दिसायचं. मग भत्ता परत करण्याची नोटीस.

शेवटी २०२० मध्ये सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे ७२ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर परत करायचं जाहीर केलं. जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. ही योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. या काळात लोकांना झालेला मनस्ताप आणि काही जणांच्या आत्महत्या यांचीही आयोगाने दखल घेतली.

हा दोष सर्व्हर पडण्याचा नव्हता, सॉफ्टवेअर सांगितलं तसंच चालत होतं. ज्या चौकोनात माणूस बसलेला होता, तो चौकोन चित्रातून पुसला गेला होता. म्हणून प्रोफेशनल डेव्हलपरने एखादी पायरी काढताना विचारायचं असतं, ही पायरी नेमकी कशासाठी होती? ती फक्त वेळ खात होती, की कुणाला वाचवत होती?

मग सुरुवात कुठून करायची?

ड्रॅग करून वर्कफ्लो जोडता येणारी टूल आज बाजारात आहेत. पेगा, ॲपियन, सर्व्हिसनाऊ, पॉवर ऑटोमेट अशी नावं नोकरीच्या जाहिरातीत दिसतात. ती शिकायला हरकत नाही. पण टूल शिकणं म्हणजे गाडीचं स्टिअरिंग शिकणं, घाटाचं वळण त्याने कळत नाही. फाटा कुठे चुकतो हे कळलं नाही तर महागड्या टूलमध्येही प्रकरण अडकतंच.

घरबसल्या सराव करायचा तर रजेचा अर्ज हा सगळ्यात चांगला विषय.

पहिल्या आठवड्यात इंजिन न वापरता, फक्त डेटाबेस आणि अवस्थांच्या तक्त्यावर तो बनवा. दुसऱ्या आठवड्यात तोच फ्लोएबल किंवा टेम्पोरलवर पुन्हा बनवा. इंजिन कोणतं ओझं उचलतं हे तेव्हाच कळतं.

तिसऱ्या आठवड्यात तो मोडायचा प्रयत्न करा. अर्ज मध्यावर असताना सर्व्हर बंद करा. मंजुरीचं बटण दोन खिडक्यांतून एकाच वेळी दाबा. मंजुरी देणाऱ्या साहेबालाच रजेवर पाठवा. रजा मंजूर झाल्यावर ती रद्द करा आणि शिल्लक रजा परत येते का बघा. दहा अर्ज चालू असताना नियम बदला.

आणि एक शेवटची परीक्षा. यादीतला कोणताही जुना अर्ज उघडा. तो कुणी, कधी, कोणत्या कारणाने पुढे पाठवला किंवा अडवला, हे त्या नोंदीवरून सांगता येतं का?

येत असेल तर तुमचं सॉफ्टवेअर कामाचं आहे. कारण उद्या 'माझं काम कुठे अडकलंय?' असं कुणी खिडकीवर येऊन विचारलं, तर त्याला 'सिस्टीममध्ये दाखवत नाही' याऐवजी खरं उत्तर मिळेल.